हुरहुरीचा दिवा

दुसरी घंटा झाली की प्रेक्षक हल्ली पडद्याकडे बघत नाहीत, वर बघतात. वर पाइपांना भावदिवे टांगलेले असतात. रंगमंचावरचे दिवे नाटकासाठी, हे प्रेक्षकांसाठी. पूर्वी म्हणे नट रडला की समोरच्याचे डोळे आपोआप भरून यायचे. यायचे कधी, नाही कधी. नट बिचारा घसा फोडायचा आणि तिसऱ्या रांगेतला गृहस्थ वेफर्सची पिशवी फोडायचा. आता ती भानगड राहिली नाही. नट रडायला लागला की वरचा एक दिवा हलकेच चढतो आणि वेफर्सवाल्याच्याही घशात आवंढा येतो.

त्यात जादू काही नाही. हा दिवा दिसतो तसा स्थिर नसतो. तो इतक्या भराभर थरथरतो की डोळ्याला समजत नाही, पण डोळ्यामागच्या मेंदूला समजतं. हलगी वाजायला लागली की आपला पाय न सांगता हलतो ना, तसा मेंदू त्या थरथरीशी ताल धरतो. रागाची थरथर वेगळी, मायेची वेगळी, भीतीची वेगळी. डॉ. प्राजक्ता बेहेरे नावाच्या पुण्याच्या बाईंनी ऐन तारुण्यात हे शोधून काढलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्याचे नियम करण्यात घालवलं. सगळ्यात मोठा नियम असा, की चढवलेली भावना उतरवल्याशिवाय माणसाला घरी सोडायचं नाही. म्हणून जिथं चढदिवा तिथं त्याच्या जोडीला निवळदिवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसा तो शेवटच्या प्रवेशानंतर प्रेक्षागृहावरून फिरतो आणि लोक मोकळ्या मनानं पार्किंगकडे जातात.

केवडा थिएटर्स या फिरत्या नाटक कंपनीत हे दिवे टांगायचं, जोडायचं आणि चालवायचं काम ओवी नेर्लेकर करायची. हातात कसब होतं, डोक्यात हिशेब पक्का होता. पण त्या दुपारी सोलापूरच्या नाट्यगृहात ती शिडीवर चढली होती आणि तिचं लक्ष म्हणून कशात नव्हतं. एकच केबल तिनं दोनदा ओढली. डबा उघडला, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. दर थोड्या वेळानं फोन काढून बघायचा, पुन्हा खिशात घालायचा. दोन-अडीच महिने हे असंच चाललं होतं.

कारण म्हणाल तर अक्का. ओवीची थोरली बहीण आर्या, लग्न होऊन कारवारला असते. आई गेल्यावर अक्कानं आईचं शिलाई मशीन एका टेम्पोत घालून नेलं, ओवीला न विचारता. मशीनचं काही नव्हतं हो, ओवीला साधं बटण लावता येत नाही. विचारलं नाही, याचं होतं. दोघीही हेकट. बोलणं जे तुटलं ते वर्षानुवर्षं तुटलेलंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर ओवीला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. पण बार्शीचा प्रयोग करून परतताना, गाडीत, एकाएकी तिला अक्काची आठवण आली ती अशी की छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखी. तिथून पुढं चैन नाही. शेवटी मान वाकवून तिनंच फोन केला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज, मग, "ओवे, ये की ग." येत्या सोमवारच्या गाडीचं तिकीट काढून झालं होतं. आज शुक्रवार.

"लाइटवाल्या ताई तुम्हीच का?"

खाली एक बाई उभी होती. पदर खोचलेला, हातात जड पिशवी, उन्हातून तडक आलेली. ओवी खाली उतरली.

"मी सानिका ठोंगे. बार्शीची. आमची डाळमिल आहे. तुमचं नाटक आलं होतं ना आमच्याकडं, त्याला आमचे हे आले होते."

"बरं मग?"

"तेव्हापासनं माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय." बाईंनी एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "मिलमध्ये मन लागत नाही. जेवता जेवता उठतात. संध्याकाळ झाली की बायपासला जाऊन उभे राहतात, जाणाऱ्या गाड्या बघत. काय हवंय विचारलं तर म्हणतात, काय ते कळंना, पण हवंय. डॉक्टर झाले, देवर्षी झाले. बाहेर काही लफडं असतं तर बरं झालं असतं ताई, निदान भांडले तरी असते. आता कुणाशी भांडू?"

"कुठल्या रांगेत बसले होते ते?"

"रांगेत कुठले! उशिरा गेले. जागा नव्हती. तुम्हीच म्हणे तुमच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिली."

ओवीला तो माणूस आठवला. शर्टावर डाळीची भुकटी, चेहऱ्यावर ओशाळं हसू. मागच्या भिंतीशी ओवीचं टेबल, टेबलावर बोर्ड, म्हणजे सगळे दिवे जिथून चालवायचे तो नियंत्रक. ही जागा मुद्दाम अशी निवडलेली असते की एकाही भावदिव्याचा उजेड तिथं पडू नये. चालवणाऱ्यानं स्वतः भिजायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. मग तिथं बसलेल्या माणसाला काही होईलच कसं?

आणि मग तिला बार्शीचं जोडकाम आठवलं.

इथं हे जोडकाम जरा समजून घ्यायला हवं. भावदिवे बिनतारी चालवायला कायद्यानं बंदी आहे. कुणीही बाहेर बसून शंभर माणसांना रडवू नये म्हणून. तेव्हा केबल. बोर्डातून एक केबल पहिल्या दिव्याला जाते, त्यातून दुसरी दुसऱ्याला, अशी माळ लागत जाते. बोर्डाचा हुकूम सगळ्यांसमोरून फिरतो, पंगतीत वाढपी फिरतो तसा, आणि प्रत्येक दिवा आपल्या नंबराचं तेवढंच उचलतो. दोन दिव्यांना चुकून एकच नंबर दिला तर दोघंही तेच करतात. आणि माळेच्या अगदी शेवटी एक बूच लावावं लागतं. टोकबूच. ते नसलं तर हुकूम टोकावर आपटून उलटा फिरतो आणि सगळे दिवे वेड लागल्यासारखे फडफडतात.

बार्शीला टोकबूच सापडलं नव्हतं. बोटाच्या पेराएवढी वस्तू, ती हरवायचीच. अशा वेळी लाइटवाले एक युक्ती करतात. जास्तीचा म्हणून पेटीत ठेवलेला दिवा माळेच्या टोकाला लावतात. त्याच्या पोटात बुचाची सोय असते, एक खटका दाबला की काम झालं. ओवीनंही तेच केलं होतं. माळ तिच्या टेबलापाशीच संपत होती, म्हणून तो दिवा तिनं डोक्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला अडकवून टाकला. जास्तीच्या दिव्याचा नंबर नेहमी शून्य असतो, म्हणजे तो कुठलाच हुकूम उचलत नाही. तो बघायचा कशाला?

ती धावत पेटीपाशी गेली. दिवा काढला, उलटा केला. पाठीवरच्या चिमुकल्या खिडकीत आकडा होता, एक्केचाळीस. लातूरला एक दिवा बिघडला तेव्हा हा त्याच्या जागी चढवला होता आणि काम झाल्यावर शून्य करायचा राहिला होता.

"काय झालं ताई?" सानिका मागून आली. "एक्केचाळीस म्हणजे काय?"

"हुरहूर," ओवी म्हणाली.

मध्यंतरात बटाटेवडा खाऊन काही लोक परस्पर घरी जातात. ते जाऊ नयेत म्हणून पहिल्या अंकाच्या शेवटी एक्केचाळीस चढवायचा. काहीतरी अपुरं राहिलंय, पुढं काहीतरी आहे, असं वाटत राहतं आणि लोक हातातला चहा अर्धा टाकून आत येतात. नाटक संपलं की निवळदिवा. पण निवळदिवे होते पुढं, प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या वर. मागच्या टेबलावर एक्केचाळीस चढला होता, निवळ काही आली नव्हती. टेबलावरच्या निळ्या बत्तीत तो मंद उजेड कळलाही नव्हता.

"म्हणजे यांना ते दिव्यामुळं?" सानिकाचा जीव एकदम भांड्यात पडला. "अगंबाई! मग उतरवता येईल ना?"

"येईल," ओवी म्हणाली. तिनं आणखी काहीतरी सांगितलं, उद्या दुपारी त्यांना इथंच घेऊन या म्हणाली. पण आपण काय बोलतोय ते तिला ऐकूच येत नव्हतं. त्या टेबलाशी खुर्च्या दोन होत्या. एक पाहुण्याची, आणि एक तिची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉ. बेहेरे पुण्याहून आल्या. अशी चूक झाली की त्यांना कळवायचं, हा नियमही त्यांचाच. सत्तरीच्या, ठेंगण्या, आणि जिभेला हाड नसलेल्या बाई. आल्या आल्या त्यांनी दिवा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "शाब्बास. पेटीत ठेवताना नंबर पुसायचा, हे मी शाळेतल्या पोरांना शिकवते."

"चुकलं माझं."

"चुकलंच. तुम्हीही या दिव्याखालीच होतात ना? मग तुम्हाला काय लागलंय?"

ओवीनं अक्काचं सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज चढत गेला. "पण डॉक्टर, अक्का काही दिव्यानं तयार केलेली नाही! ती आहे. माझी सख्खी बहीण आहे. मला ती आठवायला नको होती का?"

डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांचा सूर जरा खाली आला. "हे बघ बाळ, दिवा फक्त हुरहूर देतो. कुणाची, कशाची, ते देत नाही. पण मेंदूला बिनकारणाची भावना सहन होत नाही. तो कारण हुडकायला निघतो. आत कुठंतरी अडगळीत पडलेलं एखादं माणूस, एखादी राहिलेली गोष्ट सापडली की ती भावना तिथं बांधून टाकतो. तुला अक्का सापडली. त्या डाळवाल्याला काहीच सापडलं नाही, म्हणून तो रस्त्यावर उभा राहतो."

"मग माझी राहू द्या की! माझं कुणाचं काय बिघडतंय?"

"जेवतेस?"

ओवीनं बंद डबा टेबलामागं सरकवला.

"झोपतेस?"

"अक्काला भेटले की होईल सगळं नीट."

"नाही होणार. खरी ओढ माणूस भेटलं की शमते. ही शमणार नाही, कारण ती तिच्यासाठी नव्हतीच. तू तिच्या गळ्यात पडशील आणि छाती आवळलेलीच राहील. मग तुझा मेंदू दुसरं कारण शोधेल." डॉक्टरांनी दिवा टेबलावर ठेवला. "निवळ घे."

"घेतली तर अक्काचं काय होईल? म्हणजे, मला वाटतंय त्याचं."

"दिव्यानं आलेलं जाईल. त्याखाली तुझी स्वतःची काही माया असेल तर ती उरेल. किती असेल, ते आधी सांगता येत नाही."

"आणि काहीच नसली तर?"

"तर सोमवारी तू जाणार नाहीस," डॉक्टर म्हणाल्या, "आणि तुला त्याचं वाईटही वाटणार नाही."

ओवीला ते ऐकवेना. रडू फुटलं असतं तरी परवडलं असतं. आपल्याला वाईट वाटणार नाही, याचंच तिला आत्ता इतकं वाईट वाटत होतं की तिला एका जागी उभं राहवेना. ती विंगेत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिला सुचलं. दिवा जातो डोळ्यांतून. डोळे मिटले की झालं. कुणाला कळणार आहे?

दुपारी ठोंगे नवराबायको आली. रोहन ठोंगे बारीक झाला होता. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. ओवीला बघून तो तसाच ओशाळं हसला.

ओवीनं टेबल मागच्या भिंतीशी लावलं, वर कठड्याला निवळदिवा टांगला, बोर्डापासून केबल ओढली आणि शेवटी नवंकोरं टोकबूच घट्ट पिळून बसवलं. नंबर दोनदा तपासला. शेजारी एक खुर्ची मांडली. रोहन खुर्चीजवळ आला आणि थांबला.

"हे गेलं म्हणजे मी पहिल्यासारखा होणार?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

"पहिल्यासारखा म्हणजे कसा होतो मी?" त्यानं बायकोकडं बघितलं. "खायचो, मिल बघायचो, झोपायचो. असंच ना? आता जीव नुसता तळमळतोय, पण कधी कधी वाटतं, काय तरी हाय पुढं. काय ते कळंना. ते बी जाणार?"

सानिकानं पदर डोळ्यांना लावला.

"मला भ्या वाटतंय," रोहन म्हणाला. मग ओवीकडं वळला. "ताई, तुम्ही बी त्या दिवशी शेजारीच होता. तुम्हालाच ह्यातलं कळतंय, ह्या बाकीच्यांना काय कळणार? तुम्ही बसलात तर मी बसतो."

सानिकानं ओवीचा हात धरला. नुसता धरला. तिच्या तळव्याला डाळीच्या पोत्यांनी घट्टे पडले होते. ओवीच्या एका न पुसलेल्या आकड्यामुळं हिच्या घरात अडीच महिने दिवा असून अंधार होता. नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"बसते," ओवी म्हणाली. दुसरी खुर्ची ओढली, बोर्ड जवळ घेतला आणि प्रेक्षागृहातला उजेड विझवला.

अंधार झाला. तिनं डोळे गच्च मिटले. अक्काचा आवाज आठवत राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. ओवे, ये की ग. ओवे, ये की ग. बोटानं चाचपून तिनं बोर्डावरची कळ वर सरकवायला सुरुवात केली.

"ताई," शेजारून रोहनचा आवाज आला, अगदी लहान पोरासारखा. "मी मिटलेत डोळे. एकट्यानं उघडायचा धीर होईना. तुमचे उघडे हायत ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. ते तिच्या ओठांवर आलंही. पण हा माणूस फक्त तिच्या भरवशावर खुर्चीत बसला होता, आणि एकदा तिच्याच भरवशावर बसून त्याचं हे झालं होतं.

अक्का, माफ कर मला, असं ती मनात म्हणाली आणि तिनं डोळे उघडले.

"उघडलेत," ती म्हणाली. "तुम्हीही उघडा."

मंद दुधाळ उजेड पडला होता. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग छातीतली मूठ एकेक बोट सैल करू लागली. ओवीनं ती धरून ठेवायचा प्रयत्न केला. मशीनचा पायडल आठवला, अक्काची वेणी आठवली, ते नाक ओढणं आठवलं. सगळं आठवत होतं, नीट, क्रमानं. मात्र ते आता दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारखं होतं. आणि मग धरून ठेवायचं कशाला, असं तिला वाटलं, आणि तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"भूक लागलीय," रोहन म्हणाला. सानिका हसली, रडली, पुन्हा हसली. पिशवीतली तूरडाळ तिनं ओवीच्या हातात कोंबली आणि नवऱ्याला घेऊन गेली. जाताना तो बायपासच्या बाजूला बघतही नव्हता. मिलच्या मोटारीचं काहीतरी सांगत होता.

ओवीनं सकाळचा डबा काढला आणि सगळाच्या सगळा संपवला. उरलेलं जोडकाम झपाट्यानं झालं. केबलची वेटोळी कशी एकावर एक नीट बसली. कितीतरी दिवसांनी काम करताना बरं वाटत होतं. संध्याकाळी प्रेक्षक यायला लागले तेव्हा डॉक्टर निरोप घ्यायला टेबलापाशी आल्या.

"कसं वाटतंय?"

"छान," ओवी म्हणाली, आणि ते खरं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"ओवे! बॅग भरलीस का?" अक्काचा श्वास पुरत नव्हता. "अग, मशीनला तेल घातलंय. पट्टा नवा आणला. तूच घेऊन जा ते. मी काय म्हणते, तुझा फोन आल्यापासनं मला झोप नाही बघ. इतकी वर्षं मी बरी होते, काही नव्हतं. तू बोललीस आणि आत काहीतरी उचकटलंच ग. काल दोनदा स्टँडवर जाऊन आले, गाडी कुठं लागते ते बघायला. हे हसतात मला. सोमवार उजाडायला किती वेळ लावतोय ग!"

ओवीनं ऐकून घेतलं. आत काही हलतंय का, म्हणून थोडं थांबूनही पाहिलं. दुसऱ्याच्या घरी फोन वाजावा आणि आपण आपलं काम करत राहावं, तसं होतं ते.

"अक्का, या वेळी नाही जमायचं ग," ती म्हणाली. "प्रयोग आहेत. पुढं बघू कधीतरी."

"ओवे? काही झालं का? मी काही चुकीचं बोलले का? मशीनचं म्हणतेस का? अग, मी विचारायला हवं होतं तेव्हा, चुकलंच माझं..."

"छे ग. तसं काही नाही. सगळं छान आहे."

"मग ये ना. एक दिवस ये. तासभर ये. ओवे, फोन ठेवू नकोस."

"तिसरी घंटा होतेय अक्का. ठेवते हं."

तिनं फोन पालथा घातला. डॉ. बेहेरे अजून तिथंच उभ्या होत्या. त्यांना पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. टेबलावरच्या निळ्या बत्तीत त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"तिच्यावर दिवा पडला नव्हता," त्या शेवटी म्हणाल्या. "तिचं खरं आहे."

"हो ना," ओवी म्हणाली, आणि कळ वर सरकवली.

पडदा उघडला. पहिल्या अंकाच्या शेवटी तिनं एक्केचाळीस चढवला आणि सगळं प्रेक्षागृह एकदम खुर्चीच्या कडेला आलं. प्रयोग संपल्यावर त्यांना सगळ्यांना निवळ मिळाली, अगदी नियमाप्रमाणे, शेवटच्या रांगेपर्यंत. कारवारला अक्का फोन हातात धरून बसली होती. तिच्यावर कधी कुठलाच दिवा पडला नव्हता, त्यामुळे तिचं काही उतरवायची जबाबदारी नियमानं कुणावरच येत नव्हती.